लेखनसीमा

मंडळी, गेल्या दिवाळीला ‘बाबांची पत्रं’ म्हणून जी पीडीएफ मी सगळ्यांना पाठवली होती, ती कृपया काढून टाका. सुधारलेली प्रत पाठवतोय. पहिलीत चूक होती, आणि ती बाबांची नव्हती, माझी होती. आत्याला हे मी सांगलीला जाऊन समोर बसून सांगितलं आहे. बाकीच्या घरच्यांसाठी, आणि ज्यांच्याकडे जुन्या ईमेलची अशीच एखादी फाइल पडून असेल अशा ब्लॉगवाल्या मित्रांसाठी हे लिहितोय. थोडं तांत्रिक आहे, सांभाळून घ्या.

बाबा रिटायर झाल्यावर ईमेल शिकले. (त्या काळात आम्ही काही उत्साही लोक ‘विरोप’ म्हणायचो. बाबांना तो शब्द ‘निरोप’चा अपभ्रंश वाटायचा.) सगळी नोकरी टायपिंगमधे गेलेली, त्यामुळे इंग्रजी फर्डं आणि ओळ संपली की एंटर मारायची सवय पक्की. टाइपरायटरवर ओळ संपल्यावर कॅरेज मागे ढकलतात ना, तसं. ही सवय पुढे महत्त्वाची ठरणार आहे. थंडरबर्ड वापरायचे. ताई शिकागोला, मी बंगळूरला, तेव्हा २००५ ते २०११ मधली त्यांची बरीचशी बडबड ‘सेंट’ नावाच्या एकाच फाइलीत साठली. बाबा गेल्यावर ती हार्ड डिस्क मी कपाटात ठेवून दिली. गेल्या वर्षी ताई म्हणाली, छापून काढूया, आत्याला वाचता येईल.

आता ही फाइल काय प्रकार आहे ते सांगायला हवं. तिला एमबॉक्स म्हणतात. युनिक्सवर सत्तरच्या दशकापासून चालत आलेली पद्धत: सगळी पत्रं एका साध्या मजकुराच्या फाइलीत, एकाखाली एक, वहीत चिकटवल्यासारखी. एक पत्र संपून दुसरं कुठे सुरू होतं हे कळायला खूण एकच. ज्या ओळीच्या सुरुवातीला ‘फ्रॉम’ हा शब्द आणि त्यापुढे मोकळी जागा असेल, तिथून नवं पत्र. त्या ओळीत पुढे पाठवणाऱ्याचा पत्ता आणि वार, महिना, तारीख, वेळ, साल. याच्या खाली पत्राचे मथळे येतात. त्यातही एक ‘फ्रॉम’ असतो, पण त्याला कोलन असतो. कोलनवाला वेगळा आणि मोकळ्या जागेवाला वेगळा. कोलनवाला म्हणजे पत्राच्या कागदावरचं नाव, मोकळ्या जागेवाला म्हणजे पाकिटावरचं.

फ्रॉम! इंग्रजीतल्या इतक्या शब्दांमधून नेमका हाच कसा सापडला, देव जाणे. पत्रात कुणीही ‘फ्रॉम मंडे’, ‘फ्रॉम पुणे’, ‘फ्रॉम माय साइड’ लिहिणारच, आणि तो शब्द कधी ना कधी ओळीच्या सुरुवातीला येणारच. ही अडचण लवकरच लक्षात आली, म्हणून तोडगा असा निघाला की मजकुरात अशी ओळ आली की तिच्याआधी ‘पेक्षा मोठे’चं चिन्ह घालायचं. तो छोटा बाण जुन्या ईमेलमधे तुम्ही पाहिला असेल, वाक्याच्या मधेच, काही कारण नसताना. पण वाचताना तो बाण परत काढायचा की नाही? आधीच्या पत्राचा मजकूर उत्तरात घेतानाही ओळीच्या सुरुवातीला हाच बाण लावायची रीत आहे. मग हा बाण माणसाने लावलेला की यंत्राने, हे सांगणार कसं? पुढे कुणी म्हणालं, आधी बाण असेल तर आणखी एक बाण लावा, म्हणजे काढताना एकच काढता येईल. दुसऱ्या कुणी म्हणालं, बाण नकोच, पत्रात किती अक्षरं आहेत तो आकडा वर लिहा आणि मोजून तोडा. ते फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर नेईपर्यंत ठीक होतं. ओळ संपवायची खूण बदलली की मोजणी चुकते. या सगळ्या पद्धतींना एमबॉक्सच म्हणतात आणि फाइलीवर कुठेही लिहिलेलं नसतं की ही त्यातली कुठली. २००५ साली आरएफसी ४१५५ नावाच्या दस्तऐवजाने या फाइलीची रीतसर नोंद घेतली, तेव्हाही अधिकृत म्हणावी अशी व्याख्या नाही हेच सांगावं लागलं. नव्वदच्या दशकात डी. जे. बर्नस्टाइन यांनी क्यूमेलसाठी मेलडिर आणलं. प्रत्येक पत्राची वेगळी फाइल, वादच मिटला. पण तोवर लोकांच्या डिस्का एमबॉक्सने भरलेल्या होत्या.

हे सगळं मला आज माहीत आहे. गेल्या वर्षी नव्हतं. मी फाइल उघडली, बाबांच्या वाक्यांमधे ते बाण दिसले, आणि म्हटलं, काय हा कचरा! सगळ्या फाइलीवर शोधा-आणि-बदला चालवलं आणि फ्रॉमच्या आधीचे बाण उडवले. मग पायथनमधे चाळीसेक ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. फ्रॉम दिसला की तोड, तारीख वाच, तारखेनुसार लाव, छाप. एका संध्याकाळी काम फत्ते. फारच खूश होतो मी स्वतःवर.

दोन दिवसांनी ताईचा फोन. “अरे, बाबा १९७० साली कुणाला ईमेल करत होते?”

पीडीएफच्या पहिल्याच पानांवर १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच अशी वेळ असलेली सव्वीस पत्रं होती. संगणकातल्या लोकांनी ओळखलं असेल. युनिक्सचं घड्याळ ग्रिनिचच्या १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून सेकंद मोजतं. तारीख सापडली नाही की आळशी प्रोग्रॅमर तिथे शून्य घालतो, आणि शून्याला भारतीय वेळेत पहाटेचे साडेपाच वाजतात. आळशी प्रोग्रॅमर मीच. “असतात असे काही तुकडे, दुर्लक्ष कर,” असं तिला सांगितलं आणि पीडीएफ तोवर सगळ्यांना गेलेलीही होती.

मग आत्याचे फोन यायचे थांबले. ती आठवड्यातून दोनदा करते, नियमाने. आठ दिवस नाही, दहा दिवस नाही. शेवटी मी केला तेव्हा म्हणाली, “दादाच्या मनात असं होतं, हे मला मरेपर्यंत कळलं नसतं तरी चाललं असतं.”

पत्र २००६ चं, बाबांनी ताईला लिहिलेलं, वाडा विकायचा होता तेव्हाचं. इंग्रजीत आहे, मी मराठीत सांगतो. वकिलांना विचारलं, बहिणीने १९८८ मधे हक्कसोडपत्र करून दिलेलं आहे, तिला कायद्याने काही मागता येत नाही, तेव्हा किंमत दोघा भावांत वाटली तरी हरकत नाही असं वकील म्हणतात. पीडीएफमधे पत्र इथे संपत होतं. खाली दुसरं पत्र, कुणाच्या तरी लग्नाचं.

ताईला फोन लावला. ती म्हणाली, “पत्र इथे संपत नव्हतं. पुढे होतं.” वीस वर्षांपूर्वी वाचलेलं, तरी तिला आठवत होतं. तिचा तेव्हाचा ईमेलचा खातेदारपणा कधीच गेला होता, पत्र तिच्याकडे नव्हतं. पण डोक्यात होतं.

पुढचा परिच्छेद ‘फ्रॉम माय साइड’ने सुरू होत होता. बाबांनी एंटर मारून नवा परिच्छेद केलेला, मधे एक ओळ मोकळी सोडलेली. मी बाण उडवला, प्रोग्रॅमने तिथे पत्र तोडलं, ती पूर्ण ओळ ‘पाकीट’ समजून फेकून दिली आणि उरलेला मजकूर बेवारशी, १९७० च्या पहाटे नेऊन ठेवला. त्यात काय होतं? माझ्या बाजूने विचारशील तर तीन समान भाग, आईचं शेवटचं दुखणं तिनेच काढलं, सही तिने केली ती मी सांगितलं म्हणून केली, आणि ते सांगितल्याचं मला अजून वाईट वाटतं. बाबांनी तसे तीन भाग केलेही. आत्याला तिचा वाटा मिळाला होता, हे तुम्हाला माहीत आहे. पण माझ्या पीडीएफनंतर ती दहा दिवस असं धरून बसली होती की तो वाटा ताईने किंवा काकांनी भांडून देववला असणार.

एका ओळीच्या सुरुवातीला आलेल्या एका शब्दाने हे केलं, असं म्हणता येईल. मी म्हणणार नाही. फाइलीने बिचारीने खूण सांभाळून ठेवली होती, मी ती पुसली.

सांगलीहून परत येताना बसमधे मला शिवकालीन पत्रं आठवत होती. त्यांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ असा शिक्का असतो. पेशवाईतल्या पत्रांच्या अखेरीस ‘लेखनसीमा’. इथे मजकूर संपला, याच्या खाली कुणी काही वाढवलं तर ते आमचं नव्हे. शाळेत असताना ती मला शोभा वाटायची. ज्यांनी ती पद्धत बसवली त्यांना पत्र कुठे संपतं या गोष्टीची किंमत ठाऊक होती. आणि शिक्का मजकुरातल्या शब्दासारखा दिसत नाही! कारकुनाने लिहिताना चुकून शिक्का उमटत नाही. युनिक्सवाल्यांना एवढं सुचलं असतं तर आत्याचे दहा दिवस वाचले असते. असो.

मूळ हार्ड डिस्क मी हात न लावता ठेवली होती, शहाणपणाने नाही, कंटाळ्याने. तिच्यावरून फाइल पुन्हा काढली. या वेळी बाण ठेवले, शिवाय तोडायच्या आधी प्रोग्रॅमला तीन गोष्टी बघायला लावल्या. आधीची ओळ मोकळी आहे का, फ्रॉमच्या पुढे पत्त्यासारखं काही आहे का, (थंडरबर्ड तिथे नुसती आडवी रेघ लिहितो) आणि त्यापुढे खरोखर वार-महिना-तारीख-वेळ-साल आहे का. नुसत्या मोकळ्या ओळीवर विसंबून उपयोग नव्हता, ते वर पाहिलंच. सव्वीसपैकी तेवीस तुकडे आपापल्या पत्राला जाऊन चिकटले. एक मजेशीर तुकडा होता: ‘फ्रॉम टुमॉरो’ अशी ओळ, तिच्याखाली ‘मॉर्निंग:’ आणि ‘नाइट:’ करून आईच्या गोळ्या. कोलन दिसल्यावर प्रोग्रॅमने त्या ओळींना पत्राचे मथळे मानलं आणि मजकुरातून गायब केलं. विषय, दिनांक, प्रति, मॉर्निंग, नाइट.

कडक नियमांचाही तोटा असतोच. तोच प्रोग्रॅम हौसेने माझ्या स्वतःच्या, गूगल टेकआउटमधून काढलेल्या फाइलीवर चालवला तर हजारो पत्रांचं एकच लांबलचक पत्र झालं. तिथे फ्रॉमच्या ओळीत सालाच्या आधी ‘+००००’ असं लिहिलेलं असतं, आणि माझ्या नियमात ते बसेना. नियम सैल तर पत्र तुटतं, नियम आवळला तर दोन माणसांची पत्रं एकमेकांत मिसळतात. मला विचाराल तर दुसरं बरं. मिसळलेलं वाचणाऱ्याला दिसतं, तुटलेलं दिसत नाही.

आता तारखा. इथे माझं म्हणणं जरा ठाम आहे.

ईमेलवरची तारीख पाठवणाऱ्याच्या संगणकाने लिहिलेली असते. आपण पत्राच्या वर उजव्या कोपऱ्यात लिहायचो तशी, लिहिणाऱ्याच्या भरवशावर. पोस्टाचे शिक्के वेगळे. वाटेतला प्रत्येक सर्व्हर ‘रिसीव्ह्ड’ नावाची ओळ वर चढवतो, त्यात त्याचं स्वतःचं घड्याळ. आलेल्या पत्रांत ते शिक्के सापडतात, पण पाठवलेल्यांच्या फाइलीत कुठून येणार? आणि बाबांच्या संगणकाची बॅटरी २००६ च्या उन्हाळ्यात मेली होती. लोडशेडिंगचे दिवस, तासन्‌तास वीज नाही, वीज आली की संगणक म्हणायचा आज १ जानेवारी २००२. बाबा कधी घड्याळ लावायचे, कधी विसरायचे. अशी एकोणीस पत्रं. तारखेनुसार लावली तर ती सगळी इतर पत्रांच्या आधी, रांगेत सर्वांत पुढे, आणि नात जन्मायच्या आधी तिच्या दातांची चौकशी.

त्यांची खरी जागा सापडली ती फाइलीतल्या क्रमावरून. एमबॉक्समधे नवं पत्र नेहमी शेवटी जोडलं जातं. ‘२००२’चं पत्र जर १२ मे २००६ आणि १५ मे २००६ च्या पत्रांच्या मधे बसलं असेल तर ते त्या तीन दिवसांतलं. घड्याळ चुकेल, वहीतलं पान कसं चुकेल? मी तारखेनुसार लावायची घाई केली आणि हाच पुरावा विस्कटला होता.

बाकीच्या गमती किरकोळ पण नमुनेदार. १९८२ च्या नियमात, म्हणजे आरएफसी ८२२ मधे, साल दोन आकडी होतं. २००१ च्या आरएफसी २८२२ ने सांगितलं की जुन्या पत्रात ०० ते ४९ दिसलं तर २००० मिळवा, ५० ते ९९ ला १९००, आणि तीन आकडी साल दिसलं तर त्यातही १९००. तीन आकडी कशाला? तर काही प्रोग्रॅम १९०० पासून वर्षं मोजतात, ते सन २००० ला साल १०० लिहून बसले! दुसरी गंमत ‘आयएसटी’ची. ही अक्षरं भारताचीही, इस्रायलचीही आणि आयर्लंडच्या उन्हाळ्याचीही. त्याच नियमात म्हटलंय की अनोळखी अक्षरं दिसली तर वेळेचा फरक ठाऊक नाही असं समजा. बऱ्याच प्रोग्रॅमांच्या लेखी ठाऊक नाही म्हणजे शून्य, मग पत्र साडेपाच तास पुढे सरकतं. बाबांच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या पत्रांचं असंच झालं. बाबांचं उत्तर आधी, त्यांचा प्रश्न नंतर.

‘ठाऊक नाही’ला शून्य मानायची ही जी खोड आहे ना, माझा राग तिच्यावर आहे. पेशवाईतल्या कित्येक पत्रांवर महिना आणि चंद्र असतो, सन नसतो. ज्यांनी ती पत्रं छापली त्यांनी मजकुरावरून सन ताडला, पण चांगल्या संपादकाने तो आपला तर्क म्हणून वेगळा दाखवला, पत्राच्या तोंडी घातला नाही. पुढचा माणूस येऊन तो तर्क खोडू शकतो. आमचे प्रोग्रॅम मात्र १९७० लिहितात आणि मान ताठ ठेवतात. मला तारखेची मोकळी जागा चालते. खोटी तारीख चालत नाही, कारण ती खरीसारखीच दिसते. म्हणून नव्या प्रतीत बाबांची २००२ ची चुकीची तारीख तशीच आहे, खाली बारीक अक्षरात माझा अंदाज आणि तो कशावरून केला ते. काकांना हे विचित्र वाटलं. “चूक कळली आहे तर दुरुस्त का करत नाहीस?” काका, मागच्या वेळी दुरुस्तच केलं होतं. :)

एक गोष्ट राहिली. नव्या प्रतीत पत्रं कमी का, असं विचाराल. थंडरबर्डमधे पत्र डिलीट केलं की ते फाइलीतून लगेच जात नाही. ‘एक्स-मोझिला-स्टेटस’ या ओळीतला आकडा बदलतो, पत्र दिसेनासं होतं, आणि फोल्डर कॉम्पॅक्ट करेपर्यंत मजकूर तिथेच पडून असतो. बाबांनी जन्मात कॉम्पॅक्ट केलं नसावं. माझा प्रोग्रॅम त्या ओळीकडे बघतच नव्हता, त्यामुळे बाबांनी पाठवून मग काढून टाकलेली एकतीस पत्रं पहिल्या पीडीएफमधे छापली गेली. ताई म्हणते राहू दे, ते पण बाबाच. मला नाही पटत. त्यांनी फाडली, असं समजून ती मी वगळली आहेत. पुसली मात्र नाहीत. मूळ फाइल जशीच्या तशी तीन ठिकाणी ठेवली आहे, एक प्रत ताईकडे. ती काय करायचं ते करेल.

सव्वीसपैकी तेवीस जोडले म्हटलं, तीन उरले. डिस्कचा एक भाग वाचताच आला नाही, तिथल्या पत्रांची डोकी गेली आहेत. तारीख नाही, कुणाला लिहिलं ते नाही. नव्या प्रतीत शेवटच्या दोन पानांवर ते आहेत, तारखेच्या जागी काही न लिहिता. त्यातल्या एकात बाबा कुणाला तरी सांगतायत की आंब्याची पेटी पोचली, वरचा थर पिकला आहे, खालचा गवतात तसाच ठेवला आहे, आणि पैशांचा विषय पुन्हा काढलास तर पेटी परत पाठवीन. देवगडकडच्या कुणाला असेल असं काका म्हणतात. आत्याला वाटतं की पावसकडच्या मामांना. कुणी ओळखलंत तर फोन करा.